रूममेटने शपथ घातली आहे. सांगू की नको?

खोली_२१४

नवीन आयडी काढलाय, कारण जुन्यावरून कॉलेजातले ओळखतात. मी उदगीरची. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दोघी. दुसरी तासगावकडची. तिचं नाव लिहीत नाही, नुसतं 'ती' म्हणते.

बारावीला तालुक्यात वर आली म्हणून हिचा फ्लेक्स लागला होता बसस्टँडवर. फोटो अजून तिच्या वडिलांच्या व्हॉट्सॲपला आहे. घरी द्राक्षबाग, दोन वर्षं अवकाळीने हाणली. फी कर्ज काढून भरलीय. आणि हिचा मागच्या सेमचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. आमच्यात एम-थ्री राहणं म्हणजे काही जगबुडी नाही, अर्ध्या वर्गाचा राहतो. पण तिने घरी सांगितलंय की निकाल 'राखीव' आहे. जुलैपासून निकाल राखीवच आहे. दर रविवारी फोन आला की ती गॅलरीत जाते आणि हसत हसत बोलते. आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडते.

ऑक्टोबरचं ऊन, आमचा पंखा दोनवर अडकलेला, आणि ही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून झोपायची. मला वाटलं अंगावर काही उठलं असेल. परवा दोरीवरचे कपडे काढताना बाही वर गेली. मी पाहिलं. पडून-धडपडून झालेलं नव्हतं ते. याहून जास्त लिहीत नाही.

आधी ती चिडली, मग रडली. म्हणाली, "मला मरायचं नाहीये गं. डोक्यात इतका कालवा होतो, तो घटकाभर थांबतो." आणि म्हणाली, "कुणाला सांगशील तर तुला तुझ्या आईची शपथ."

माझी आई गेल्या वर्षी बीपीने लातूरला आठ दिवस ॲडमिट होती. शपथ-बिपथ मी मानत नाही असं कॉलेजात सगळ्यांना सांगत असते. पण ही शपथ घशात अडकलीय खरी.

रेक्टर मॅडमना सांगायची भीती वेगळीच. मागच्या वर्षी एका मुलीला जिन्यात चक्कर आली. घरी फोन गेला, आणि चार दिवसांत तिचं सामान टेम्पोत. हिचं तसं झालं तर ती मला जन्मात माफ करणार नाही.

सध्या मी रात्री दोन-तीनदा उठून ती झोपलीय का बघते. तिच्या कपाटातल्या मला नको वाटल्या त्या वस्तू काढून माझ्या बॅगेत ठेवल्या. तिला ते कळलंय. बोलली काहीच नाही. माझा स्वतःचा टीओसीचा अभ्यास तसाच पडलाय. दिवाळीच्या सुट्टीला बारा दिवस राहिलेत आणि ती म्हणते, मी घरी जाणार नाही, अभ्यास करते. म्हणजे खोलीत एकटी.

काय करू? शपथ मोडू का? कुणाकडे जाऊ? कृपा करून "तिच्याशी बोल" एवढंच सांगू नका. काय बोलू ते सांगा.

स्पष्टवक्ता_५८

कटू वाटेल पण लिहितो. आम्ही दोन जोडी कपड्यांत आणि एका वेळच्या मेसवर शिकलो, आम्हाला हे सुचलं नाही. लक्ष वेधून घ्यायचे प्रकार आहेत. मोबाइल काढून घ्या, पहाटे पाचला उठवा, बारा सूर्यनमस्कार घाला. आणि आईवडिलांना ताबडतोब कळवा, त्यांनी चार शब्द सुनावले की ताळ्यावर येईल.

हुतात्मा_एक्सप्रेस

काका, ज्याला लक्ष वेधून घ्यायचंय तो ऑक्टोबरात पूर्ण बाह्या घालत नाही ओ.

उदगीरच्या ताई, तुम्हाला लिहितो. लांब होईल. हे मी आजवर तीनच माणसांना सांगितलंय, चौथी तुम्ही, आणि आता हे सगळं संस्थळ.

मी सोलापूरचा. वडील यंत्रमागावर होते. २०१४ ला पुण्यात एम.एस्सी.ला आलो, केमिस्ट्री. घरातला पहिला पदवीधर, त्यामुळे गल्लीने मला कलेक्टर करून टाकलेलं. कारण काय घडलं विचाराल तर आजही धड सांगता येत नाही. एका सेमिनारमध्ये सरांनी सगळ्यांसमोर माझ्या इंग्रजीवरून दोन वाक्यं टाकली, वर्ग हसला. एवढंच. त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतःला इजा केली. मग वर्षभर करत राहिलो.

तुमची मैत्रीण 'कालवा' म्हणते ना, बरोबर शब्द आहे. मला मरायचं नव्हतं. डोक्यात सतत बाजार भरलेला असायचा, तो बंद व्हायला हवा होता. तो बंद व्हायचा, हे खोटं सांगणार नाही. पण सुरुवातीला तासभर, मग दहा मिनिटं, मग तेवढंही नाही. आणि त्यानंतर जी लाज यायची, ती पुढच्या वेळचं कारण व्हायची. सावकाराचं कर्ज फेडायला सावकाराकडूनच पैसे घ्यावेत, तसं.

मला वाटायचं जगात हे करणारा मी एकटाच. पुष्कळ नंतर कळलं की मी ते करत होतो त्याच वर्षी, २०१४ मध्ये, देशोदेशीच्या अभ्यासांचा एक आढावा छापून आला होता. त्यात किशोरवयीन मुलांपैकी साधारण १७ टक्क्यांनी आणि तरुणांपैकी १३ टक्क्यांनी कधी ना कधी असं केल्याचं निघालं. जीव देण्याच्या इराद्याशिवाय केलेलं, बरं का. म्हणजे आमच्या साठजणांच्या वर्गात मी एकटा असण्याची शक्यता कमीच होती. मुलांचं तर कळतच नाही. मुलगा असं करतो तेव्हा लोक म्हणतात तापट आहे, किंवा क्रिकेट खेळताना लागलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. माझा लॅब पार्टनर बीडचा होता. त्याला कळलं तेव्हा त्याने दोन वाक्यं बोलली. "दाखवू नको मला." आणि "जेवलास का?" मी म्हटलं, नाही. मेस बंद झालेली. तो मला टपरीवर घेऊन गेला, चहा आणि क्रीमरोल. मग रोज रात्री साडेदहाला यायचा, "चल." मी बोललो तर ऐकायचा, नाही बोललो तर त्याच्या भावाच्या लग्नाच्या मानपानाची भांडणं सांगायचा. अजून मला त्या लग्नात कोण का रुसलं होतं ते पाठ आहे.

त्याने काय केलं नाही तेही सांगतो. माझे हात तपासले नाहीत. "आता बंद ना?" असं कधी विचारलं नाही. आईवडिलांसाठी तरी, वगैरे बोलला नाही. आईवडिलांचंच तर ओझं होतं डोक्यावर, त्यात अजून कुठे भर घालता.

तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "शनिवारी सरकारी दवाखान्यात जाऊ. मी येतो. तुला नाही पटलं तर परत येऊ आणि वडापाव खाऊ." मला वाटलं, मनोविकार विभागात गेलो की तिथून थेट येरवड्याचं मनोरुग्णालय. केसपेपरच्या रांगेत मी रुमाल तोंडावर बांधून उभा, हा पठ्ठ्या माझ्यामागे उभा राहून पेपरातलं शब्दकोडं सोडवतोय. डॉक्टरांनी झोप, भूक, दारू, घरचं सगळं विचारलं. ओरडले नाहीत. तिथून एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांच्याकडे मी आठ महिने गेलो.

त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे नोंद. जे झालं ते झालं, पण त्याच्या आधीचे बारा तास लिहायचे. काय खाल्लं, किती झोपलो, कुणाचा फोन आला, कोणत्या वाक्याला पोटात गोळा आला. चार-सहा नोंदींनंतर मलाच दिसलं की माझ्या वाईट रात्री बहुतेक उपाशी असतानाच्या आणि घरून फोन आल्यानंतरच्या आहेत. तुमच्या मैत्रिणीचा रविवार वाचून मला तेच आठवलं. दुसरं म्हणजे लाट. तीव्र इच्छा चढते, शिखराला जाते, आणि तुम्ही काही नाही केलं तरी उतरते. तेवढा वेळ काढायचा. मी बादलीतल्या थंड पाण्यात तोंड बुडवायचो. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण गार पाण्याने तोंड भिजलं आणि श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराची ती जन्मजात सवय आहे. (हृदयाचा त्रास असेल त्यांनी हे करू नये.) मग खोलीबाहेर. एकट्याने खोलीत बसायचं नाही, हा नियम.

ही सगळी पद्धत ज्या अमेरिकन बाईंनी बांधली, मार्शा लिनेहान, त्यांना सतराव्या वर्षी हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं, कारण त्या स्वतःला इजा करायच्या. २०११ मध्ये, म्हातारपणी, त्यांनी त्याच ठिकाणी उभं राहून हे सगळ्यांना सांगितलं. आमच्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडलो.

आणि हो, सुटलं म्हणजे एका दिवसात सुटलं नाही. दीड वर्ष काही नाही, मग एकदा पुन्हा. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. बाई म्हणाल्या, "दीड वर्ष कुठे गेलं नाही. या, नोंद काढू." आता मी एकतीस-बत्तीसचा आहे, औषध कंपनीत आहे, एक मुलगी आहे. अर्ध्या बाह्या घालतो.

खोली_२१४

दादा, दोनदा वाचलं. मी तर रोज सकाळी तिला "काल रात्री नाही ना?" असंच विचारत होते. आजपासून बंद.

गोदाकाठ

मी नाशिकला एका महाविद्यालयात समुपदेशक आहे. वरचं सविस्तर आहेच, मी फक्त राहिलेलं लिहिते. ताई, 'तू' म्हटलं तर चालेल ना, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस.

पहिलं काम: तिला सरळ विचार. "तुला जीव द्यावासा वाटतो का? तसं काही ठरवलंयस का?" याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात तो विचार घुसतो, ही समजूत खोटी आहे. उलट पुष्कळ मुलींचा सुस्कारा निघतो. तिने आत्ता "मरायचं नाही" म्हटलंय ते खरं मान. पण हे दोन्ही अगदी वेगवेगळ्या गावचे रस्ते नाहीत. जी मुलं वारंवार स्वतःला इजा करतात त्यांच्यात पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो. म्हणून एकदा नाही, अधूनमधून विचारायचं. उत्तर "हो" आलं, किंवा जखम खोल आहे असं वाटलं, तर त्या क्षणी शपथ, रेक्टर, हॉस्टेल, सगळं बाजूला. तिला एकटीला सोडायचं नाही, १०८ ला फोन, जवळच्या दवाखान्याचा अपघात विभाग.

वस्तू तू चोरून काढल्यास. हेतू चांगला, पण तिला वाटणार की पाळत आहे. तिच्यासमोर म्हण, "हे काही दिवस माझ्याकडे ठेवू का?" ती हो म्हणाली तर तो तिचाही निर्णय होतो.

शपथेबद्दल. माझ्यासमोर दर वर्षी एक तरी मैत्रीण असं तोंड शिवून बसलेली असते, आणि तीच आजारी पडायला आलेली असते. तू शपथ मोडू नकोस, बदलून घे. असं म्हण: "मी वर्गात, ग्रुपवर, तुझ्या घरी कुणाला सांगणार नाही. पण एका जाणत्या माणसाला सांगायचं. कोण, ते तू ठरव. गुरुवारपर्यंत ठरव. नाही ठरवलंस तर मी ठरवेन, आणि आधी तुला सांगून." मुदत घाल. आणि ती पाळ.

कोण ते माणूस, याला पर्याय. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. पहिला फोन तू स्वतःसाठी कर, तिच्यासाठी नव्हे. तुझी झोप उडालीय, तेवढं कारण पुरतं.

कॉलेजात समुपदेशक आहे का बघ. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. काही ठिकाणी तो नुसता फलकावर असतो, आणि काही ठिकाणी एनएसएसच्या सरांनाच ती टोपी घातलेली असते. भेटून खात्री कर. ती अठराच्या वर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवायची असते, जिवाला धोका असेल तर अपवाद. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारायचं, "तुम्ही काय कुणाला सांगाल?" गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा शोधायचा.

"पोलीस केस होईल" हे हॉस्टेलात कुणीतरी सांगणारच. स्वतःला इजा करणं हा गुन्हा नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाबाबतही याच कायद्याचं कलम ११५ मे २०१८ पासून लागू आहे. ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, शिक्षा करायची नाही, उलट सरकारने तिला उपचार द्यायचे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेबरोबरच गेलं.

स्पष्टवक्ता_५८

मॅडम, कायदे ठीक आहेत. पण आईवडिलांना अंधारात ठेवायचं हे मला पटत नाही. मी बाप आहे.

केळीचं_पान

भाऊ, मी आई आहे, म्हणून लिहिते. आम्ही जळगावकडचे. माझी लेक औरंगाबादला शिकत होती, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं. तिचं मला तिच्या मावशीकडून कळलं. मी काय केलं सांगू? रात्रीची गाडी पकडून गेले, तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "घे शपथ, पुन्हा करणार नाही." तिने घेतली. मी निवांत परत आले. गावात कुणाला बोलले नाही, हिचं लग्न कसं जमेल हीच काळजी.

तिने सोडलं नव्हतं. फक्त मला दिसणार नाही असं करायला लागली. सात महिन्यांनी तिनेच सांगितलं, "आई, तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता ना, म्हणून प्रत्येक वेळी वाटायचं आता तू मरणार."

तेव्हापासून आमच्या घरात शपथ हा शब्द बंद. ती डॉक्टरांकडे जायची, मी बाहेर बाकावर. एकदा नुसतं म्हणाली, "आई, तू बोलू नको, भरीत कर."

बाळा उदगीरच्या, आईवडिलांना कळायला हवं, पण त्या पोरीच्या तोंडून, आणि तिच्या बाजूला कुणी बसलेलं असताना. आधी एम-थ्रीचं सांगू दे. ते सगळ्यात सोपं आहे. बाप बाग गेली तेव्हा रडला असेल, विषय गेला म्हणून मरणार नाही. आणि तुझ्या आईला काही होत नाही. मी सांगते.

खोली_२१४

आठ दिवसांनी लिहितेय. मध्ये सबमिशन.

गोदाकाठ मॅडमनी लिहिलेलं मी कागदावर उतरवून घेतलं, कारण तिच्यासमोर मला शब्द सुचले नसते. मेसमधून येताना विचारलं, सरळ. ती म्हणाली नाही, मरायचं नाही, पण कधी कधी वाटतं उद्या उठूच नये. मग मी गुरुवारचं सांगितलं. ती म्हणाली, "तू शपथ मोडलीस." दोन दिवस बोलली नाही. चहाचा कप एकच घेऊन आली, स्वतःचा. त्या दोन दिवसांत मी गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन केला, माझ्यासाठी. आधी भाषा निवडायची असते. पलीकडच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" दादा, तुमच्या बीडच्या मित्राची आठवण झाली आणि मी गच्चीवर भोकाड पसरलं.

बुधवारी रात्री ती स्वतःहून म्हणाली, "तुझ्या त्या नंबरवर काय म्हणाले?" मी सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कॉलेजच्या मॅडम नकोत. बाहेरचं कुणी बघ." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून फोन केला, स्पीकरवर. बॅगेतल्या वस्तूंचंही विचारलं. म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे."

एम-थ्रीचं काल सांगितलं तिने घरी. मी शेजारी बसले होते. वडील काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग राखीव म्हंजे काय असतंय ते मी उगंच चार लोकांना विचारत बसलो व्हय." नंतर आई फोनवर आली, आणि दोघी एम-थ्री सोडून घरच्या मांजराबद्दलच बोलल्या. बाकीचं त्यांना अजून माहीत नाही. दिवाळीला ती जातेय. पहिले दोन दिवस मीपण तासगावला जाणार, मग तिथून घरी.

परवा रात्री ती उठून पॅसेजमध्ये गेली. मी मागे गेले नाही. वीस मिनिटांनी आली, केस ओले. म्हणाली, "बादलीत फार क्लोरीन आहे गं." सगळं ठीक झालंय असं म्हणत नाही. ती अजून पूर्ण बाह्याच घालते.

एकच अडचण. सरकारी दवाखान्यात गुरुवारी सकाळी दहाला बोलावलंय आणि त्याच वेळी आमचं डीबीएमएसचं प्रॅक्टिकल आहे. सरांना काय कारण सांगायचं? आणि मी पण सोबत जाणार, म्हणजे दोघींची बॅच बदलून घ्यायला हवी.

गोदाकाठ

"दवाखान्यात जायचं आहे, दुपारची बॅच मिळेल का?" एवढंच. कोणता दवाखाना, कशासाठी, हे सांगायला तुम्ही बांधील नाही. केसपेपरची झेरॉक्स मागितली तर विभागाचं नाव झाकून द्या. तू "सोबत जायचंय" म्हण.

हुतात्मा_एक्सप्रेस

आणि शब्दकोडं घेऊन जा. ओपीडीत दोन-अडीच तास सहज जातात.